इंग्रजीची परीक्षा घ्यायला शिकायचे, तर खर्च किती?

इंग्रजीच्या शिक्षकांना प्रश्नपत्रिका काढायला, उत्तरे एकाच मापाने तपासायला आणि रोजच्या तासात मुलाचे नेमके कुठे अडते ते ओळखायला शिकवायचे, तर शाळेला किती पैसे लागतात? आठ शिक्षकांचा गट धरला, तर वर्षभराच्या नीट आखलेल्या कामाचा रोख खर्च वीस हजारांच्या आत बसतो. एकट्या शिक्षकाला स्वतःपुरते शिकायचे असेल, तर बरीच मजल फुकटात मारता येते. महाग पडतो तो वेळ. शाळांच्या अंदाजपत्रकात फी, मानधन, चहा-नाश्ता सगळे लिहिलेले असते, पण शिक्षकाच्या वेळेचा रकाना सहसा नसतो. त्यामुळे पैसे खर्चूनही हाती काही न लागल्याची तक्रार अनेक मुख्याध्यापक करतात. ती खरी आहे आणि टाळता येण्यासारखीही आहे.

आधी जुनी प्रश्नपत्रिका बाहेर काढा

कुणाला फोन करण्याआधी मागच्या वर्षाच्या द्वितीय सत्राची इंग्रजीची प्रश्नपत्रिका कपाटातून काढा आणि उताऱ्यावरचे प्रश्न वाचा. आता हे वाक्य पाहा: ‘मोलाड फ्रिप्ड द वेंजी इन द ग्रोल.’ यातल्या निम्म्या शब्दांना काही अर्थ नाही. प्रश्न: ‘व्हेअर डिड मोलाड फ्रिप द वेंजी?’ उत्तर तुम्ही लगेच द्याल, ‘इन द ग्रोल’, आणि पैकीच्या पैकी गुण मिळवाल. कळले मात्र काहीच नाही. आपल्या प्रश्नपत्रिकेतले किती प्रश्न या जातीचे आहेत ते मोजा. निम्म्याहून अधिक निघाले, तर आपली परीक्षा वाचन तपासत नाही, शब्द जुळवण्याची हातोटी तपासते. मग ‘मुलांना उतारा जमतो, पण पुस्तक वाचता येत नाही’ या तक्रारीचे कोडेही सुटते.

बी.एड.ला संविधान तक्ता, सप्रमाणता, विश्वसनीयता हे सगळे शिकवले जाते आणि शिक्षकांना ते पाठही असते. पण स्वतःच्या प्रश्नपत्रिकेवर ते लावून बघायला कुणी बसवलेले नसते. शिवाय अनेक शाळा घटक चाचणीच्या आणि सत्र परीक्षेच्या छापील प्रश्नपत्रिका विकत घेतात. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे, म्हणजे ‘पॅट’चे, तयार पेपर सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊ लागले. त्यात प्रथम भाषा आणि गणिताबरोबर इंग्रजीही होते. दरवेळी तयार पेपर हाती आला, तर प्रश्न काढण्याचा हात वळणार कधी? मुलांचे ‘पॅट’चे गुण चॅटबॉटवर भरून झाले की त्या गुणांचे पुढे काय करायचे, हे शिक्षकाला कुणी सांगत नाही.

दुसरी वही काढा ती आकारिक नोंदींची. २०१० च्या ऑगस्टमधल्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० आणि संकलितचा ३० ठरला. तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५० आणि सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे लहान वर्गांत निकालाचा मोठा भाग शिक्षकाच्या निरीक्षणावर उभा आहे. आणि ती निरीक्षणे येतात कुठून? ‘वर्णनात्मक नोंदी’ नावाची तयार पीडीएफ शिक्षकांच्या गटांतून फिरत असते, तिच्यातून. ‘इंग्रजी शब्दांचे स्पष्ट उच्चार करतो’ ही नोंद एकाच वर्गातल्या अकरा मुलांसमोर असेल, तर तिचा कुणालाच उपयोग नाही. याउलट ही नोंद पाहा: ‘चित्र दाखवले की एकेक शब्द इंग्रजीत सांगते. वाक्य करायला सांगितले की मराठीकडे वळते. देअर इज, देअर आर यांचा सराव हवा.’ ही वाचून उद्या काय शिकवायचे ते कळते. अशी नोंद करायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा निम्मा भाग असला पाहिजे. कोटेशन मागताना हे लेखी सांगा, कारण बहुतेक कार्यशाळा केवळ प्रश्नपत्रिकेवर संपतात.

फुकट काय मिळते

सरकारी प्रशिक्षणाला शिक्षकाचा खर्च शून्य. २०१९ ला सुरू झालेल्या निष्ठा कार्यक्रमात शालेय मूल्यमापनाचा स्वतंत्र घटक होता आणि दीक्षा पोर्टलवरचे अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. मात्र हे प्रशिक्षण सर्व विषयांसाठी आहे. इंग्रजीचे श्रवण किंवा संभाषण कसे तपासायचे, इतक्या तपशिलात ते जात नाही. ‘स्वयम्’ पोर्टलवर शिकणे फुकट असते, प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला पैसे पडतात. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांना ही परीक्षा फी दर विषयाला १,००० रुपये आहे. प्रमाणपत्राची गरज नसेल, तर तेही वाचतात.

याहून कामाचे वाचन ब्रिटिश कौन्सिलने फुकट ठेवले आहे. २०१८ मधले क्रिस्टीन कूम्ब यांचे ‘अॅन ए टू झेड ऑफ सेकंड लँग्वेज असेसमेंट’ हे छोटे पुस्तक उतरवून घ्या. एकेक संज्ञा सोप्या इंग्रजीत समजावली आहे. ग्लेन फुल्चर यांच्या भाषा-चाचणीविषयक संकेतस्थळावरही दृक्‌श्राव्य साहित्य विनामूल्य आहे. इग्नूची स्वयंअध्ययन पुस्तके ई-ज्ञानकोशावर आहेत. इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची तिथे शोधा. युरोपातल्या ‘इआल्टा’ या भाषा-मूल्यमापन संघटनेचे वैयक्तिक सदस्यत्व निःशुल्क आहे आणि तिची मार्गदर्शक तत्त्वे चार पानांत वाचून होतात.

आणि एक फुकट गोष्ट आपल्याच दारात आहे. २०१६ ला सुरू झालेल्या तेजस प्रकल्पाने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ‘टॅग’ बैठकांची सवय लावली: परिसरातले इंग्रजीचे शिक्षक एकत्र बसणार, एक विषय घेणार, वर्गात करून बघणार, पुढच्या वेळी सांगणार. माध्यमिकच्या शिक्षकांनी ‘चेस’ या प्रशिक्षण कार्यक्रमाच्या काळात हेच अनुभवले. केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद होतच असते. तिच्यातला एक तास महिन्याआड इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांसाठी मागून घ्या. केंद्रप्रमुखांना लेखी पत्र द्या, विषय स्पष्ट लिहा. हा तास मिळाला, तर पुढचा निम्मा खर्च वाचतो.

फी भरून काय मिळते

केंब्रिजची टीकेटी ही परीक्षा शिक्षकाचे अध्यापनविषयक ज्ञान तपासते. प्रत्येक मॉड्यूलला ८० प्रश्न, ८० मिनिटे. नापास असा प्रकार नाही, १ ते ४ अशी श्रेणी मिळते. मूल्यमापनाचा भाग मुख्यतः दुसऱ्या मॉड्यूलमध्ये येतो. त्यामुळे केवळ आपल्या विषयासाठी जात असाल, तर तिन्ही मॉड्यूलची फी भरण्याचे कारण नाही. परीक्षा फी काही हजारांत असते, पण केंद्राने तयारीचा वर्ग त्याला जोडलेला असेल, तर तो आकडा वेगळा विचारा. परीक्षा शहरात असते, त्यामुळे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शिक्षकाला प्रवास आणि मुक्कामच जड जातो.

सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासक्रमाबद्दल अनेक तरुण शिक्षक विचारतात. तो किमान १२० तासांचा आहे, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवावे लागते आणि खर्च लाखाच्या वर जातो. परदेशात किंवा प्रौढांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी करायची असेल, तर तो पैसा सत्कारणी लागतो. पण आपल्या नववीच्या वर्गाची चाचणी सुधारण्यासाठी सेल्टा करू नका. त्याचा भर तास घेण्यावर आहे.

खोलात शिकायचे असेल, तर हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाकडे, म्हणजे ‘इफ्लू’कडे पाहावे. १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून ते सुरू झाले आणि भाषेच्या चाचण्या व मूल्यमापन यांवर तिथे जुने, भक्कम काम आहे. इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र तिथून दूरस्थ पद्धतीने करता येते. हिशेब करताना प्रवेश फी, परीक्षा फी, हैदराबादच्या फेऱ्या आणि तिथला मुक्काम हे चारही रकाने भरा. एका संस्थेच्या दोन-तीन शाळा असतील, तर एका होतकरू शिक्षकाला संस्थेने या अभ्यासक्रमाला पाठवावे आणि त्याने परत येऊन इतरांना दोन वर्षे तयार करावे असा करार करावा. सगळ्यांना थोडे थोडे देण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्याच शाळेत, आपल्याच उत्तरपत्रिकांवर

आता वीस हजारांच्या आतला तो हिशेब. आठ शिक्षक, दोन पूर्ण शनिवार आणि त्यानंतर महिन्याला एक अशा दोन-दोन तासांच्या चार बैठका. साधनव्यक्तीचे मानधन दिवसाला ४,००० धरले, तर दोन दिवसांचे ८,०००. प्रवासाचे दर वेळी १,५०० धरून ३,०००. चार महिन्यांनी शिक्षकांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका वाचून लेखी शेरे देण्याचे ३,०००. माणशी शंभर पाने झेरॉक्स, पानाला दीड रुपया, म्हणजे १,२००. नऊ माणसांचे दोन दिवसांचे चहा-जेवण माणशी १५० प्रमाणे २,७००. शाळेच्या ग्रंथालयासाठी दोन पुस्तके १,५००. त्यातले एक आर्थर ह्यूज यांचे ‘टेस्टिंग फॉर लँग्वेज टीचर्स’ असावे, भारतीय आवृत्ती घ्यावी, आयात प्रत फार महाग पडते. एकूण १९,४०० रुपये. माणशी २,४२५. वरिष्ठ आणि निवड श्रेणीच्या प्रशिक्षणासाठी शिक्षकांनी प्रत्येकी २,००० रुपये भरलेले आहेत, तेव्हा हा आकडा कुणाला परका वाटू नये. तालुक्याच्या गावी मानधन कमी पडेल, मुंबई-पुण्यात जास्त.

यात वेळ मिळवा. दिवसाचे सहा तास धरून दोन दिवसांचे बारा आणि बैठकांचे आठ, असे माणशी २० तास. आठ जणांचे १६०. तासाची किंमत नुसती १५० रुपये धरली, तरी २४,००० होतात. म्हणजे शिक्षकांचा वेळ रोख खर्चाहून मोठा आहे, आणि खासगी विनाअनुदानित शाळांत तो आजवर शिक्षकांच्या घरच्या वेळेतून काढला जातो. तसे करू नका. दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या शिक्षिकेला रविवारी बोलावून ‘हे तुमच्याच भल्यासाठी’ म्हणणे अन्यायाचे आहे. कामाचा दिवस द्या, नाहीतर बदली रजा द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. सीबीएसईच्या शाळांना तो पूर्ण करावाच लागतो. हे २० तास त्यात दाखवा, हजेरी आणि विषयसूची जपून ठेवा.

या दोन शनिवारी काय व्हायला हवे, ते एका उत्तरावरून सांगतो. पत्रलेखनाला बहुतेक ठिकाणी रजेचा अर्ज असतो आणि ‘आय अॅम सफरिंग फ्रॉम फीवर’ राज्यभरातल्या मुलांना पाठ आहे. त्याऐवजी हे द्या: पावसामुळे सहल रद्द झाली, तुम्ही ६०० रुपये भरले होते, मुख्याध्यापकांना लिहा. समजा, आठवीतल्या मुलाने लिहिले: ‘सर, ट्रिप नॉट गो. आय गिव्ह सिक्स हंड्रेड. व्हेन यू रिटर्न मनी? माय फादर आस्किंग.’ पाचपैकी किती? आठ शिक्षकांना एकमेकांशी न बोलता आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगा. कुणी एक देईल, कुणी दोन, कुणी साडेतीन. एक देणाऱ्याने क्रियापदे पाहिली, साडेतीन देणाऱ्याने काम झाले का ते पाहिले. दोघेही प्रामाणिक आहेत, पण मुलाचे गुण उत्तरपत्रिका कुणाच्या गठ्ठ्यात गेली यावर ठरले.

मग गुणदान योजना मिळून लिहा. आशयाला दोन: सहल रद्द झाली, पैसे भरले, ते कधी मिळतील, हे सारे आले का. रीतीला एक: संबोधन, विनंतीचा सूर, शेवटी नाव. भाषेला दोन: अर्थ लागतो तर एक, रचना बहुतांशी बरोबर तर दुसरा. आता तेच उत्तर पुन्हा तपासा. आशय दोन, रीत शून्य, भाषा एक, तीन गुण. बहुतेक चिठ्ठ्या तीनच्या आसपास येतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाला काय सांगायचे ते ठरले: निरोप पोहोचला, आता ‘कुड यू प्लीज’ शिक आणि भूतकाळाकडे वळ. बोर्डाच्या पेपरला परीक्षकावर नियामक असतो. शाळेत तो नसतो, म्हणून ही अर्ध्या तासाची बैठक प्रत्येक सत्र परीक्षेआधी हवी. तिला पैसा लागत नाही.

दुसरे काम प्रश्नांचीच परीक्षा घेण्याचे. बहुपर्यायी प्रश्न घ्या: ‘शी — टू स्कूल एव्हरी डे’, पर्याय गो, गोज, वेन्ट, गोइंग. अपेक्षित उत्तर गोज. चाळीसपैकी २८ जणांचे बरोबर आले, काठिण्य पातळी ०.७०, वरवर पाहता प्रश्न छान. आता एकूण गुणांनुसार वरचे दहा आणि खालचे दहा वेगळे काढा. वरच्यांत सहा बरोबर, खालच्यांत आठ! असे का? ‘एव्हरी डे’ दिसले की ‘एस’ लावायचा, हे खालच्यांनी घोकले होते. वरच्या चौघांनी विचार केला आणि ‘वेन्ट’ निवडले, जे व्याकरणाने अगदी बरोबर आहे. चूक प्रश्नाची आहे, शिक्षा मात्र चांगल्या मुलांना झाली. वही-पेन घेऊन बसले, तर वीस प्रश्नांचा हा हिशेब एका बैठकीत होतो. चांगले ठरलेले प्रश्न तारीख घालून प्रश्नपेढीत ठेवा. तीन-चार वर्षांत छापील पेपरांचा खर्च बंद करता येईल इतकी ती भरते.

तोंडी परीक्षेवर स्वतंत्र वेळ ठेवा, कारण तिथे सर्वाधिक ढिलाई आहे. भाषांचे २० अंतर्गत गुण काढले, त्या २०१९ साली दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० वर गेला. या चढउताराची इतर कारणेही असतील, पण तोंडी गुण किती सढळ हाताने दिले जातात हे त्यातून राज्याने पाहिले. त्यावर उपाय गुण काढून टाकणे नाही. बोलता येणे तपासलेच नाही, तर ते शिकवलेही जाणार नाही. उपाय म्हणजे चार-पाच मुलांचे दोन-दोन मिनिटांचे बोलणे पालकांना कळवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे, सगळ्यांनी ते ऐकून गुण देणे आणि फरक का पडला ते बोलणे. काम झाले की ती ध्वनिमुद्रणे पुसून टाका.

कोटेशन हातात आल्यावर

बाहेरची संस्था बोलवायचीच असेल, तर पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या दहा उत्तरपत्रिका तुम्ही आधी मागवणार का? नको म्हणणारी संस्था सगळीकडे तोच पीपीटी चालवते. येणारी व्यक्ती कोण, तिने शाळेत इंग्रजी शिकवले आहे का, हे नावानिशी लिहून घ्या. बोलणी एकाशी आणि प्रत्यक्षात येतो दुसराच, असे होते. एका गटात पंचवीसहून जास्त शिक्षक नकोत. शंभर जणांच्या सभागृहात उत्तरपत्रिका तपासून होत नाहीत. नोंदणीकृत खासगी संस्थेच्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का ते पाहा. ४०,००० च्या कोटेशनवर तो ७,२०० होतो आणि शाळेला तो परत मिळत नाही. ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ असे लिहिले असेल, तर ते कोणत्या परीक्षेनंतर आणि कोण देणार ते विचारा. केवळ हजेरीवर मिळणाऱ्या कागदासाठी माणशी जादा पैसे देऊ नका.

एकदाच येऊन जाणाऱ्या दिवसापेक्षा दोन महिन्यांनी पुन्हा येणारा अर्धा दिवस जास्त उपयोगी पडतो, म्हणून पैसे तीन हप्त्यांत बांधा. पहिला तारीख ठरताना, दुसरा कार्यशाळा झाल्यावर आणि तिसरा शिक्षकांनी स्वतः काढलेल्या प्रथम सत्राच्या प्रश्नपत्रिका वाचून संस्थेने लेखी शेरे पाठवल्यावर. दिवाळीआधी पहिली सत्र परीक्षा येते, तेव्हा पहिला शनिवार जुलैत ठेवा आणि दुसरा ऑगस्टच्या अखेरीस. जूनमध्ये प्रवेश, पुस्तके, गणवेश यांतून कुणाची सुटका नसते, आणि फेब्रुवारीत दहावीची गडबड सुरू झाली की इंग्रजीचा शिक्षक कुणालाच मोकळा सापडत नाही.